रीळकाकूची टिकली आणि पालीचं शेपूट

होती एक पाल. नाव तिचं चुकचुक. पालीला ई म्हणायचं नाही, सांगून ठेवते. तिचं शेपूट लांबलचक, ठिपक्याठिपक्यांचं. त्या शेपटात राहायचा टिंबू. खसखशीच्या दाण्याहून बारीक.

एकदा मांजरीनं शेपटावर पंजा ठेवला.
टुक्. शेपूट तुटलं.
चुकचुक पळाली. वाचली. पण रुसून भिंतीकडे तोंड करून बसली. टिंबू टुणकन तिच्या पाठीवर आला, पण त्याचं तर घरच गेलं. तो रडला नाही. निघाला पालीच्या अंगात, लुटुलुटु लुटुलुटु.

आत एक इवलीशी खोली. खोलीत वाचीमावशी. शेपूट कसं करायचं ते दोऱ्यावर लिहिलेलं असतं. मावशी वाचते, मग शेपूट होतं.
"मावशी, मावशी, वाच ना. शेपूट येईना."
"गुंडाळलेलं कसं वाचू? दोरा उलगडला की वाचते."

टिंबू गेला दोऱ्याकडे, लुटुलुटु लुटुलुटु.
"दादा, दादा, उलगड ना. मावशी वाचेना, शेपूट येईना."
"मला रीळकाकूनं अंगाभोवती घट्ट धरलंय. काकूनं सोडलं की उलगडतो."

टिंबू गेला रीळकाकूकडे, लुटुलुटु लुटुलुटु.
काकू गोलमटोल. अंगाला शेपट्याच शेपट्या. टिंबू बघतच राहिला. हिला इतक्या, आणि आम्हाला एक नाही.
"काकू, काकू, सोडा ना. दोरा उलगडेना, मावशी वाचेना, शेपूट येईना."
"टिकली लावून घेतल्याशिवाय मी हलायची नाही. आमच्यात पद्धत आहे. माझ्या शेपटीला टिकली लागली की सोडते."

टिंबू गेला टिकलीवहिनीकडे, लुटुलुटु लुटुलुटु.
"वहिनी, वहिनी, टिकली लावा ना. काकू सोडेना, दोरा उलगडेना, मावशी वाचेना, शेपूट येईना."
"डबी रिकामी. जेवणातूनच टिकल्या होतात. पोटोबानं दिलं की लावते."

टिंबू गेला पोटोबाकडे, लुटुलुटु लुटुलुटु.
"पोटोबा, पोटोबा, द्या ना. वहिनी लावेना, काकू सोडेना, दोरा उलगडेना, मावशी वाचेना, शेपूट येईना."
"गुर्र गुर्र. मीच उपाशी. चुकचुक जेवली की देतो."

टिंबू गेला चुकचुकच्या कानाशी, लुटुलुटु लुटुलुटु.
"चुकचुक, चुकचुक, जेव ना. पोटोबा देईना, वहिनी लावेना, काकू सोडेना, दोरा उलगडेना, मावशी वाचेना, शेपूट येईना."
"शेपूट आलं की जेवते."

टिंबू मटकन खाली बसला. जेवण नाही तर शेपूट नाही. शेपूट नाही तर जेवण नाही. झाली का पंचाईत?

तेवढ्यात आला डास. गुं गुं गुं.
"बांडी पाल, बांडी पाल, शेपूट कुठंय?"
चुकचुक ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. टिंबू कानात म्हणाला, "तुलाच म्हणतोय हं तो."
"कोण रे मला बांडी म्ह..."
तोंड उघडलं. डास आत. गट्टम.

चुकचुक जेवली.
पोटोबानं दिलं.
वहिनीनं टिकली लावली, टिच.
काकूनं सोडलं.
दोरा उलगडला, सर्रर्र.
मावशीनं वाचलं, भराभर भराभर.
शेपूट आलं. इवलं इवलं. लांब लांब. आणखी लांब. अगं बाई, आणखी लांब.

मग आली वहिनीची नणंद. वहिनी लावते, नणंद काढते, त्यांचं हे असंच. तिनं टिकली काढली. काकूनं दोरा गुंडाळला. मावशी गप्प. शेपूट थांबलं.

नवं शेपूट साधंच. ठिपके नाहीत. चुकचुक पुन्हा रुसणार, तोच तिला दिसला एक ठिपका. अगदी टोकाला. हात हलवत होता.
तो होता टिंबू, आपल्या घरात.

काकूचा दोरा काकूपाशी, माझी गोष्ट तुमच्यापाशी.