ग्रीन व्हॅलीचे भिकूमामा

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा मुलगा होता. मुलगा आपला आईच्या लेखी. मिशा फुटून बरीच वर्षं झाली होती. कुणी काही शिकवलं की तो ते पक्कं लक्षात ठेवी. नवीन काही शिकवलं की जुनं टाकून देई. डोक्यात अडगळ नको, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या बहिणीचं, चंद्रकलेचं, लग्न ठरलं. त्यांच्याकडे नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानेच. चंद्रकलेला मामा एकच, भिकूमामा. ते शहरात राहत आणि नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसे. चंद्रकलेने सांगून टाकलं, मामा आल्याशिवाय मी खोलीतून उठायची नाही. मामांना आणायला कुणीतरी जायला हवं होतं. घरात सगळ्यांना काम होतं, म्हणून म्हाळूला पाठवलं.

वडिलांनी, म्हणजे नानांनी, वाट समजावली. एसटीतून कॅम्पात उतर. तिथून चालत मार्केट यार्ड. तिथून पुढे ग्रीन व्हॅली, मामांचं घर. मामांना घेऊन परस्पर तालुक्याच्या मंगल कार्यालयात ये, दारावर चंद्रकलेचं नाव असेल. शेवटी म्हणाले, "शहरातली नावं इंग्रजी असतात. आधी अर्थ विचार, मगच पुढं जा."

म्हाळूला पटलं.

कॅम्प म्हणजे छावणी, असं एसटीतल्या एका मास्तरांनी सांगितलं. सैनिक तंबू ठोकून राहतात ती जागा. म्हाळू कॅम्पात उतरला तर तिथे बुटांची दुकानं आणि बेकऱ्या. तंबू शोधत तो फिरला. एका पटांगणात मंडपवाल्याने कनाती वाळत घातल्या होत्या. म्हाळू त्यांच्या आत जाऊन बसला आणि सैनिकांची वाट पाहू लागला. उन्हं कलली तेव्हा मंडपवाला कनाती गुंडाळायला आला. पहिल्याच कनातीत त्याला म्हाळू सापडला.

"अहो, पलटण कधी यायची?" म्हाळूने विचारलं.

मंडपवाला मोठा समजूतदार माणूस. इंग्रजांची पलटण इंग्रजांबरोबर गेली, असं त्याने सांगितलं. "नाव राहतं, पाव्हणं. नाव आहे ती वस्तू कधीच गेलेली असते."

म्हाळूला पटलं.

तो मार्केट यार्डला पोचला. कांद्याच्या थप्प्या, लिलावाचा गलका, हमालांची धावपळ. मार्केट तर जोरात चालू होतं. तेव्हा हे मार्केट यार्ड नव्हे, असं म्हणून म्हाळू चालत राहिला. शहर संपलं, ऊस लागला. एका बाईने त्याला मागे पाठवलं. तो परत आला, मार्केट चालू पाहून पुन्हा पुढे गेला. पुन्हा ऊस लागला. बाई तीच होती. या खेपेला तिने त्याला बखोट धरून आणलं आणि पाटीसमोर उभं केलं.

"हे मार्केट यार्ड न्हाई तर काय माझं सासर हाय?"

"पण मावशी, मार्केट अजून गेलेलं नाही."

"कशाला जाईल? पाटीवर जे लिवलंय तेच हितं असतंय."

म्हाळूला पटलं.

ग्रीन व्हॅली म्हणजे हिरवी दरी, हे त्याला एका रिक्षावाल्याने सांगितलं आणि नेऊन सोडलं एका बोडक्या टेकडीवर. हिरवं म्हणावं असं तिथे फक्त फाटक होतं. म्हाळू दरी शोधू लागला. शेजारी नव्या इमारतीच्या पायाचा खड्डा होता. तो उतरला. तळाशी थोडं शेवाळं होतं, त्यामुळे हिरवेपणाचीही खात्री पटली. तिथून त्याने मामांना हाका मारायला सुरुवात केली. मामा वर तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी आवाज ओळखला आणि वॉचमनकरवी भाच्याला बाहेर काढलं.

मामांनी त्याला चहा पाजला आणि जवळ बसवून म्हणाले, "म्हाळबा, जे नसतं त्याचंच नाव द्यायचं, ही बिल्डरांची रीत. पाटीवर लिहिलंय ते आत नाही, असं धरून चाल. कधी फसायचा नाहीस."

म्हाळूला फारच पटलं.

लग्नाच्या दिवशी मामाभाचे तालुक्याला पोचले, तर शेजारीशेजारी दोन कार्यालयं, दोन्हीकडे सनई. म्हाळूने दोन्ही पाट्या नीट वाचल्या आणि मामांना आत नेलं.

"हेच ना रे?"

"हेच, मामा."

मामा घाईने नवरीच्या खोलीत शिरले. नवरी खाली मान घालून बसलेली. त्यांनी डोळे पुसले, तिचा हात धरला आणि तिला बोहल्यावर आणून उभं केलं. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाकडचा रिवाज असेल. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचा. मंगलाष्टकं सुरू झाली. तेवढ्यात त्या नवरीचा खरा मामा कपडे बदलून आला आणि गोंधळ उडाला.

पलीकडे चंद्रकला खोलीत रडत होती. गुरुजींनी मुहूर्त ताणता येईल तेवढा ताणला होता. गोंधळ ऐकून नाना धावले आणि मामांना अक्षरशः ओढत घेऊन आले. लग्न कसंबसं लागलं.

पंगतीत नाना म्हाळूसमोर येऊन उभे राहिले. "दारावर हातभर अक्षरांत चंद्रकलेचं नाव होतं. दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," म्हाळू जिलबी मोडत म्हणाला. "मामांनी शिकवलं नसतं तर सरळ आतच शिरलो असतो."