रॉकेटच्या नाकातला शाडू

एकदा एका उजाड माळावर देशोदेशीची मुले जमली होती. विमाने आणि रॉकेटे बांधण्याची विद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना होती आणि वर्षातून एकदा तिचा मेळा भरे. मेळ्याची एक रीत होती. एका देशाची मुले एका गटात कधी ठेवत नसत. नाक एकाने करायचे, शेपटाचे पंख दुसऱ्याने, उतरायची छत्री तिसऱ्याने. सगळे भाग जोडून जे रॉकेट सर्वांत उंच जाईल, त्याचा गटनायक पुढच्या वर्षी संघटनेचा अध्यक्ष होई.

मेळ्यावर देखरेख होती ती माळाकाठी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांची. त्यांचा शिष्य यंदा एका गटाचा नायक होता. अध्यक्षपदाने त्याला असे झपाटले होते की जेवणावरही त्याचे लक्ष नव्हते. उंची वाढावी म्हणून त्याने ऐन वेळी मोठे, जड इंजिन बसवले. उड्डाणाच्या सकाळी रॉकेट उघडून पाहतो तर नाकात लिंबाएवढा शाडूचा ओला गोळा!

नाकाचे काम केनियाच्या वंजिरूकडे होते.

"शाडू कशाला गं? इथे गणपती बसवायचाय का?" शिष्य हसला. वंजिरूला गणपती कळला नाही, पण हसणे कळले.

"तू इंजिन बदललंस, म्हणून..."

"वजन घटलं की उंची वाढते. शाळेतलं पोरही सांगेल." त्याने बोटाने गोळा उकरून तिच्या हातावर ठेवला आणि नाक परत बसवले.

आचार्यांच्या होकाराशिवाय माळावरून काहीही उडत नसे. शिष्य रॉकेट घेऊन धावतच त्यांच्याकडे गेला. इंजिन आत होते, पेटवायची तार तेवढी जोडायची राहिली होती. आचार्यांनी रॉकेट बोटावर आडवे तोलले. जिथे ते स्थिर राहिले, तिथे लांब सुतळी बांधली. मग उभे राहून, शेतातली पाखरे हाकलणाऱ्या राखणदाराने गोफण फिरवावी, तसे ते रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवू लागले!

"सर! अहो सर, मोडेल ते!"

रॉकेट हवेत गटांगळ्या खात होते. कधी आडवे होई, कधी शेपूट पुढे करी. भोवती जमलेल्या मुलांत हशा पिकला. शिष्याचा चेहरा उतरला.

आचार्यांनी सुतळी आवरली. "गोळा कुठंय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शाडू माझ्याकडूनच नेला तिने. काल इथेच उभी राहून हेच करत होती. सुतळीही तिचीच आहे."

शिष्यामागोमाग आलेल्या वंजिरूने मूठ उघडली. गोळा तिने ओल्या फडक्यात जपून ठेवला होता. तिने तो नाकात दाबून बसवला आणि नवा तोल पाहून सुतळी थोडी पुढे बांधली.

"आता तू फिरव," आचार्य शिष्याला म्हणाले.

त्याने फिरवले, आणि काय आश्चर्य! रॉकेट नाक पुढे करून बाणासारखे सरळ धावू लागले. मुलांनी आरोळी ठोकली. शिष्याचा हात मात्र थांबला.

"पण सर, या वजनाने उंची कमी होणार."

"होणारच. जोर मागे असतो, बाळा. रॉकेटचा इंजिनात, तुझा तुझ्या माणसांत. पुढे असतो त्याने वजन वागवायचं. पुढचा हलका राहिला, की मागचा जोरच त्याला उलटा पाडतो. तुला अध्यक्ष व्हायचंय. म्हणजे नाकच व्हायचंय ना?"

शिष्याने वंजिरूकडे पाहून हात जोडले. तिने हसून त्याच्या हातावर तार ठेवली, "जोड लवकर!"

उलटी मोजणी सुरू झाली. गटातल्या प्रत्येकाने एकेक आकडा आपापल्या भाषेत ओरडायचा होता. शेवटचा वंजिरूने ओरडला आणि सूं करून रॉकेट निघाले. सरळ, अगदी सरळ! वर ठिपका झाले, ठिपक्यातून छत्री उमलली, आणि सारा गट तिच्या सावलीमागे ओरडत, ठेचकाळत धावत सुटला. सर्वांत पुढे शिष्य होता.

त्यांचा क्रमांक तिसरा आला. अध्यक्षपद दुसऱ्याला गेले.

मुले नाचत परतली, तेव्हाही शिष्य पुढेच होता. उड्डाणाचे लोखंडी स्टँड त्याच्या खांद्यावर होते, आणि कुणी मदतीला आले तर तो मान हलवून हसत होता. आचार्यांनी ते लांबून पाहिले आणि सुतळी गुंडाळून ठेवली.

पुढची जागा मागण्याआधी तिथले वजन विचारून घ्यावे.