रिकामं बासन

एकदा एका आडवळणाच्या गावात एक वृद्ध पुराणिकबुवा राहत असत. छापील पुस्तक तेव्हा गावात कुणी पाहिलंही नव्हतं. बुवांपाशी हातानं लिहिलेली, सुट्या पानांची एकच पोथी होती आणि साऱ्या गावाचा जीव त्या पोथीत. तिसऱ्या प्रहरी देवळात बसून बुवा बासन सोडत, म्हणजे पोथीभोवतीचं तांबडं फडकं उलगडत, की हातातली कामं टाकून माणसं ऐकायला येत.

बुवांची एक शिष्या होती. परगावाहून सून होऊन आलेली, कडेवर तान्हं मूल. नवरा मोहिमेवर गेला तो गेला. निरोप नाही की सांगावा नाही. बुवांनी तिला अक्षरं शिकवली, तेव्हापासून पाणवठ्यावरच्या बाया तिला ‘पंडितीण’ म्हणू लागल्या आणि ती आली की बोलणं आवरतं घेऊ लागल्या. बाळ जरा कण्हलं तरी तिच्या काळजाचं पाणी होई, पण विचारायचं कुणाला? दिवसाकाठी ऐकायला मिळे ती पोथी, तेवढीच काय ती सोबत.

पुढे बुवांनी काशीला जायचं ठरवलं. परत येण्याचं ते वय नव्हतं. बुवांमागे पोथी आपल्याकडे येईल, दार लावून वाचत बसू, दिवस सरतील, एवढ्याच आशेवर ती होती.

निघायच्या दिवशी बुवांनी पोथी सोडली आणि एकेक पान एकेका घराला वाटून टाकलं. कुंभाराला दिलं, कोष्ट्याला दिलं, तेलणीच्या आंधळ्या सासूच्या हातीसुद्धा एक ठेवलं. त्यांच्यातल्या कुणालाच अक्षर ठाऊक नव्हतं. शेवटी शिष्येच्या ओंजळीत आलं नुसतं बासन.

“घ्या! पंडितणीला फडकं!” तेलीण म्हणाली, आणि माणसं हसली.

शिष्येचे डोळे भरून आले. “बुवा, माझं काय चुकलं? वाचता येतं ते एक मला. पानं मात्र सगळी त्यांना?”

“पोरी,” बुवा शांतपणे म्हणाले, “अखंड पोथी दिली असती, तर तू दार लावून घेतलं असतंस, आणि गावानंही ते उघडलं नसतं. आता पानं त्यांच्यापाशी, डोळे तुझ्यापाशी. एकट्याचं कुणाचंच भागायचं नाही.”

तिला ते पटलं नाही. बुवा गेले. देऊळ ओस पडलं. तिसरा प्रहर झाला की ती उंबऱ्यात येऊन बसे. समोरून माणसं जात, पण थांबत कुणी नसे. बासनाची घडी करून ती बाळाच्या उशाखाली घाली.

एके दिवशी तेलीण दारात उभी राहिली. हातात पान.

“उलटं धरलंय का सुलटं, तेही कळंना. म्हातारी जेवंना झालीय. म्हणती, माझ्या पानात काय हाय ते आधी सांगा.”

शिष्येनं हात पुसून पान घेतलं आणि वाचू लागली. वनवासातली राणी, घागर, निर्जन काठ... “घागर खाली ठेविली, आणि मागे वळोन पाहते तों...”

“तों काय?”

“पान संपलं.”

“आँ? असं कसं संपलं? पुढचं कुणाकडं?”

“याच्या पुढचा आकडा कुंभाराच्या पानावर पाहिला होता मी.”

“मग बसलीस काय? चल की!”

“बाळ नुकतंच निजलंय. अंग जरा कोमट लागतंय म्हणून मी...”

तेलणीनं बाळाच्या कपाळाला हात लावला. “काय न्हाई झालं. उकडतंय त्याला. किती गं गुंडाळलंयस!” तिनं दुपटं सैल केलं आणि बाळाला आपल्या खांद्यावर टाकलं. “हां, आता चल.”

शिष्येनं उशाखालचं बासन ओढून घेतलं. उंबरा ओलांडताना काशीच्या वाटेकडे तोंड करून तिनं हात जोडले, आणि कुंभारवाड्याची वाट धरली.

दार ओढून घ्यायचं तेवढं राहून गेलं.