आकाशी सायकल, पोपटी सायकल

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक नर्सबाई राहायच्या. तीस वर्षं त्यांनी आपल्या आकाशी सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. बाळंतिणींना पाहिलं, पोरांना लशी टोचल्या. दुरून ती सायकल दिसली की लोक म्हणायचे, "बाई आल्या!"

पुढे बाई निवृत्त झाल्या. गुडघे कुरकुरू लागले. सायकल पडवीत उभी राहिली आणि तिला गंज धरू लागला.

शेजारच्या आळीत सगुणा नावाची मुलगी होती. शाळा लांब, त्यामुळे रोज तासभर पायपीट करायची. बाईंनी ठरवलं, सायकल हिलाच द्यायची, पण छान रंगवून.

त्यांनी घरीच काम काढलं. चाकं, साखळी सोडवली. काचकागदाने फ्रेम घासघासून गंज काढला. तांबड्या अस्तराचा एक हात दिला, तो वाळल्यावर आकाशी रंगाचे दोन. दुसरा एखादा रंग त्यांच्या मनातही आला नाही.

"घे पोरी, आजपासून ही तुझी!"

सगुणाने आनंदाने लगेच घंटी वाजवून पाहिली.

पण संध्याकाळी शाळेतून ती थेट बाईंच्या दारात आली. सायकल फडक्याने पुसली आणि पडवीत लावली.

"अगं, घरी ने की."

"असू दे बाई. आमच्या अंगणात कोंबड्या आहेत, घाण करतील."

मग रोज हेच. वाटेत लोकही तिला बजावत, "जपून चालव गं, बाईंची सायकल आहे!" बाईंना वाटे, किती गुणी पोर आहे! मनातून त्या सुखावतही.

महिना गेला. एक दिवस सगुणा उतारावर पडली. फुटलेला गुडघा घेऊन, सायकल ढकलत, रडत बाईंकडे आली. बाई कापूस आणि औषध घेऊन धावल्या.

"फार दुखतंय का गं?"

"गुडघ्याचं काही नाही हो बाई," सगुणा हुंदके देत म्हणाली. "तुमच्या सायकलचा रंग उडाला!"

बाईंचा हात थांबला. पोरीच्या पायातून रक्त वाहत होतं आणि तिला काळजी रंगाची होती. एक महिना झाला, तरी सायकल अजून 'तुमची'च. आणि तसं वाटावं म्हणूनच जणू आपण ती पुन्हा आकाशी रंगवली होती.

पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगुणा, तुला कोणता रंग आवडतो?"

"हाच. छान आहे की."

"मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस."

सगुणाने जमिनीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पोपटी."

बाईंना पोपटी रंग मुळीच आवडत नसे. तरी रविवारी त्यांनी पोपटी रंगाचा डबा आणला आणि काचकागद सगुणाच्या हातात दिला. "तूच घास."

आकाशी रंगाची पूड अंगणात पडू लागली. बाईंनी ती केरसुणीने एका बाजूला सारली. अस्तर वाळल्यावर सगुणाने जीभ बाहेर काढून, मन लावून पोपटी रंग फासला. एका नळीवर रंगाचा ओघळ आला. बाईंचा हात आपोआप ब्रशकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"ओघळ आला वाटतं," सगुणा म्हणाली.

"तुला चालेल का?"

सगुणाने मान तिरकी करून पाहिलं. "चालेल!"

"मग झालं तर."

रंग वाळला, सायकल जोडली, सगुणा शाळेत गेली. संध्याकाळी बाई सवयीने पडवीत येऊन बसल्या. सायकल काही आली नाही. अंधारायच्या सुमाराला घंटी घणघणली आणि सगुणा धाकट्या बहिणीला मागे बसवून दारासमोरून सुसाट निघून गेली.

"बाई, आम्ही ओढ्यापर्यंत जाऊन येतो!" ती ओरडली. थांबली मात्र नाही.

बाई हसल्या. त्यांनी रिकाम्या पडवीत खाट ओढून घेतली आणि पाय पसरून निवांत बसल्या.

तात्पर्य: देताना वस्तूबरोबर तिच्यावरचा आपला हक्कही देऊन टाकावा, नाहीतर घेणारा ती नुसती सांभाळत राहतो.