माझा भात खाल्ला, तो माझा!

"मित्सूला उद्या होडीत बसवा! तिच्या बदल्यात नदीपलीकडच्या जहागीरदाराकडून घोडा येतोय!"

जपानातल्या एका डोंगरी गढीचे धनी सानेयोशी यांनी हुकूम सोडला, आणि अंगण झाडणाऱ्या हात्सूच्या हातातली केरसुणी गळून पडली. हात्सू गढीतली जन्माची बटीक. मित्सू तिची लेक, अजून दुधाचे दातही न पडलेली!

पोरीला कवटाळून हात्सू पायऱ्यांपाशी धावली. "सरकार, मी तुमची दासी, कबूल. पण पोर तुमची कशी?"

"कुणाच्या भातावर वाढली? माझ्या! ज्यानं माझा भात खाल्ला, तो माझा!"

"आणि भात खाऊनही तुमचा नाही, असा कुणी दाखवला तर?"

सानेयोशींना पैजांची भारी हौस. "दाखव की! पण 'हा माझा नाही' असं माझ्याच तोंडून वदवायचं. जमलं, तर पोर तुझी!"

हात्सूनं दाणे टिपणाऱ्या चिमण्या दाखवल्या.

"माझ्या!"

तळ्यातले मासे?

"माझे!"

कुंपणाशी शेजाऱ्याचं कुत्रं शितं चाटत होतं.

"आजपासून तेही माझं!"

कारभारी पोट धरधरून हसले. कुणीही दाखवा, धनी 'माझा'च म्हणणार! आणि तेवढ्यात हात्सूचे डोळे लकाकले.

"कोठारातले उंदीर, सरकार?"

"माझे!"

"सगळे?"

"शेपटीच्या टोकापर्यंत!"

"चारचौघांत सांगाल?"

"ओरडून सांगेन!"

हात्सू उठली ती थेट पाहुण्यांच्या दालनात. तिथे प्रांताचे सुभेदार उतरले होते आणि सकाळपासून रागानं येरझाऱ्या घालत होते. त्यांची रेशमी टोपी रात्रीत उंदरांनी कुरतडली होती!

"हुजूर, उंदरांचे मालक सापडले! बाहेर बसलेत."

सुभेदार टोपी घेऊन तरातरा बाहेर आले. भोकातून बोट काढून नाचवत गरजले, "सानेयोशी! ही घालून मी सम्राटांसमोर जाणार होतो! तुमचे उंदीर ना हे?"

सानेयोशींचा चेहरा पांढराफटक. "माझे? छे छे, हुजूर! ते मुळीच माझे नाहीत! नुसता माझा भात खातात. तेवढ्यानं माझे कसे होतील?"

हात्सूनं लवून नमस्कार केला. "उपकार झाले, सरकार! मित्सूसुद्धा नुसता भातच खाते. टोप्या तर कुरतडतही नाही!"

आधी सुभेदारांना हसू फुटलं. त्यांनी ती टोपी डोक्यावर चढवली, तर भोकातून शेंडी वर! मग सानेयोशीही मांडीवर थाप मारून खदखदले. "हरलो गं बाई! ने तुझी पोर!"

"आणि आईचं काय?" सुभेदारांनी डोळे मिचकावले. "तिला मोकळं करा, म्हणजे टोपीचा दंड माफ!"

सानेयोशी हसत हसत तयार झाले. त्यांनी मायलेकींना मोकळं तर केलंच, वर नदीकाठचं एक भातखाचरही देऊन टाकलं. उंदरांसकट!