भवानीची चिठ्ठी

एक होता राजा. राजा कसला, नुसता मिशांचा! त्याने कागदाच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांवर आपला शिक्का उठवला आणि म्हणाला, "सोनं माझ्याकडे राहू द्या, तुम्ही चिठ्ठीवर व्यवहार करा. मागाल तेव्हा सोनं देईन." बापड्या लोकांनी ऐकलं.

त्या गावात गोजरा तेलीण राहायची. तिच्या घाण्याचा बैल म्हातारा झाला होता. बैल बसला की घाणा थांबणार, घाणा थांबला की चूल विझणार. म्हणून नव्या बैलासाठी ती मडक्यात चिठ्ठ्या साठवत होती.

एकदा काय झालं, शत्रू येतोय अशी हूल उठली. राजाने सोनं उचललं, शिक्का उचलला आणि धूम ठोकली! शत्रू काही आलाच नाही. हसताय काय रे? तिकडे गोजरा रडत होती.

मग ती सावकाराकडे गेली. तो म्हणाला, "राजा गेला, आता कागद चुलीत घाल." मग सोनाराकडे गेली. त्याने नाक मुरडलं. मग बैल विकणाऱ्या दौलतीकडे गेली. तो म्हणाला, "बाई, मी घेईन गं. पण माझ्याकडून कोण घेणार?"

घरात मीठही संपलेलं. सकाळीच ती मीठवाल्या साळूबाईकडे गेली आणि भीत भीत चिठ्ठी पुढे केली. साळूने नुकतंच दुकान मांडलं होतं. पहिलं गिऱ्हाईक! आणि भवानी कधी परतवायची नाही, हा बाजाराचा नेम, बरं का. साळूने चिठ्ठी कपाळाला लावली आणि मीठ दिलं.

मग साळूला तेल हवं झालं. तीच चिठ्ठी घेऊन ती गोजराकडे आली. गोजरा नाही कशी म्हणणार? तिनेच तर दिलेली! जाताना साळू कुंभाराला म्हणाली, "तेलीण घेते हो चिठ्ठी." मग कुंभाराने घेतली. त्याच्याकडून विणकराने घेतली. शिक्का राजाबरोबर गेलेला, त्यामुळे नवी चिठ्ठी कुणालाच काढता येईना. होत्या तेवढ्याच फिरत राहिल्या. काय गुणाची माणसं ती! मला तर बाई त्यांचं फार कौतुक वाटतं.

मग एके दिवशी दौलती स्वतः गोजराच्या दारात उभा. हातात पांढऱ्या बैलाचा कासरा.

"आण तुझं मडकं," म्हणाला.

"अहो दौलतीभाऊ, राजा तर परत आला नाही!"

"राजा कशाला हवाय? मला तेल हवं, मीठ हवं, धोतरजोडी हवी. ती देणारे कुठे पळालेत?"

गोजराचा घाणा फिरू लागला, चूल पेटती राहिली आणि सगळं गाव सुखाने जेवलं, सुखाने झोपलं. आता तुम्हीही मिटा बघू डोळे.