अक्कांचा रिकामा वाफा

“...पण अक्का, जे झाड थंडीभर मेल्यासारखं पडून राहतं, ते लावायचंच कशाला?”

हेरंब वाफ्याच्या मधोमध उभा होता. पायात जाड तळव्याचे बूट, हातात मोजपट्टी.

पाचगणीच्या पुढे, पठाराच्या कडेला अक्कांचा छोटासा मठ. तिथलं अंगण नव्यानं सजवायचं त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. साताऱ्यातल्या बड्या लोकांच्या बागा आखणारा माणूस तो. आपल्याच गुरूचं अंगण उघडंबोडकं दिसलं तर लोक काय म्हणतील?

अक्का म्हणजे सत्तरी ओलांडलेली किडकिडीत बाई. अंगावर विटकी शाल, पायात रबरी चपला. वाफ्याच्या कडेला उभ्या राहून त्या हेरंबच्या बुटांकडे बघत होत्या.

“हे बघा,” हेरंबनं समजावायला घेतलं, “अगापँथस या फुलझाडाच्या दोन जाती. एक बारमाही हिरवी. फुलं सरली तरी पानं जागच्या जागी, तुकतुकीत. दुसरी ही तुमची. मे महिन्यात निळे गेंद येतात, मान्य. पण थंडी पडली की पानं पिवळी, मग तीही झडतात. उरते नुसती माती. आल्यागेल्याला दाखवायचं काय? माती?”

“बारमाहीला इथला कडाका सोसतो?”

“पानं जरा करपतात. पण दिसायला तरी काही असतं!”

“आणि हिला?”

“हिला सोसतो. ही खालीच दडून बसते ना...” हे तो जरा घाईनंच बोलला. “ते जाऊ द्या. गाडीत बारमाहीची रोपं भरून आणलीत. आजच लावून टाकू. हा रिकामा वाफा आधी खणून काढतो.”

अक्कांनी चपला काढल्या. देवळाच्या पायरीशी काढतात तशा, जोडीनं, कडेला. गोठलेलं दव अजून मातीवर पांढरं होतं. त्या अनवाणी आत आल्या. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी अंगठ्यानं माती चाचपत.

“बाहेर हो. मी ठेवते तिथंच पाय ठेव.”

तो बाहेर आला. त्याच्या टाचेचा ठसा उमटला होता तिथं अक्का खाली बसल्या आणि बोटांनी माती सारली. आत बोटाच्या पेराएवढा पांढुरका कोंब होता. चेपलेला.

त्यांनी त्यावर माती लोटली. बाळाच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तशी.

“थंडीत हिला खत काय घालता?” हेरंबनं विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“काही नाही.”

“पाणी?”

“कुजते.”

“मग करता तरी काय?”

“तुडवू देत नाही.”

हेरंब हसला. अक्का हसल्या नाहीत.

अक्का उठल्या. फाटकाकडे बघत म्हणाल्या, “गाडीत कोण बसलंय रे?”

“...आई.”

“आत नाही आणलीस?”

“ती बोलत नाही, अक्का. तुमच्यासमोर येऊन खांबासारखी बसली असती. उगाच...” त्यानं मोजपट्टी गुंडाळली. “परत जाताना वाईला वृद्धांच्या संस्थेत सोडायचंय तिला. खोली रिकामी झालीय, आजच घ्या म्हणाले. जागा छान आहे. तिथली बाग मीच आखलीय. बारा महिने हिरवीगार.”

अक्कांची नजर फाटकावरच होती.

हेरंबच्या आईचं, विमलकाकूंचं, हे दुखणं सगळ्या आळीला ठाऊक होतं. हेरंबचे वडील गेल्यापासून दर थंडीत त्यांचं असंच व्हायचं. दिवाळी सरली की बोलणं आटत जायचं. जेवायला बोलावलं तर यायच्या, ऊठ म्हटलं तर उठायच्या, बस्स. डॉक्टर झाले, अंगारे झाले. मग होळी यायची, आणि सुनेच्या पुरणपोळीचा पहिला घास घेऊन काकू म्हणायच्या, “जायफळ घालायचं विसरलात वाटतं.” की घरानं समजावं, आली परत.

या खेपेला मात्र हेरंबला होळीपर्यंत धीर नव्हता. घरी मोठमोठी माणसं यायची. त्यांच्यादेखत तो आईला म्हणायचा, “अगं बोल की! नमस्कार तरी कर!” काकू खाली बघायच्या. तो पाहुण्यांकडे बघून कसंनुसं हसायचा.

अक्का फाटकाबाहेर गेल्या.

हेरंबला वाटलं, आता आईला दोन शब्द सांगतील, डोक्यावर हात ठेवतील. पण गाडीचं मागचं दार उघडण्याआधी त्या थांबल्या. वाकल्या. रस्त्यावरच चपला काढल्या. जोडीनं, कडेला.

मग आत जाऊन काकूंच्या शेजारी बसल्या. दार ओढून घेतलं.

हेरंब जागचा हलला नाही.

काचेतून दोघी दिसत होत्या. कुणाचेही ओठ हलत नव्हते. अक्कांनी आपली शाल सोडून अर्धी काकूंच्या गुडघ्यांवर टाकली, तेवढंच. दोघी समोर बघत बसल्या, एसटीची वाट बघणाऱ्या दोन बाया बसाव्यात तशा.

आणि हेरंबला संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं.

आळीतल्या बायका यायच्या होत्या. त्यानं आईला मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. कुणी विचारलं, “विमलकाकू दिसत नाहीत?” तो दारातूनच म्हणाला, “नाशिकला गेलीय, मावशीकडे.”

तेवढ्यात आतून खोकला आला.

 सगळ्या आपापल्या हातातल्या तिळगुळाकडे बघत राहिल्या. सून कुंकवाची कोयरी घेऊन तशीच उभी. मग पुन्हा खोकला आला... या वेळी पदरात दाबलेला. आपलं इथं असणं लेकाला अडचणीचं आहे, हे आईला आत कळलं होतं.

इतके दिवस त्याला त्या पहिल्या खोकल्याचीच लाज वाटत आली होती.

आज दुसरा ऐकू आला.

त्यानं खाली पाहिलं. बुटांना वाफ्यातली माती चिकटली होती. तो मठाच्या पायरीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला.  मोजे काढले. फरशी बर्फासारखी गार होती.

खिशातला फोन वाजला. संस्थेचा. तो वाजत राहिला, मग आपणच थांबला.

तो अनवाणी गाडीपाशी गेला. दाराला हात लावायचा धीर होईना. अक्का स्वतःच उतरल्या. शाल आतच राहिली होती.

“काही बोलली का?” हेरंबनं विचारलं.

“मी विचारलं नाही.”

आत काकू शालीचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही मान वर केली नाही. डिकीतल्या हिरव्यागार रोपांची पानं काचेला टेकून बाहेर डोकावत होती.

“अक्का... ही बारमाही कुठं लावू?”

“फाटकाशी. लोकांना बघायला काहीतरी लागतंच.”

 काचेकडे बघत तो अगदी हळू म्हणाला, “आणि... जिची पानं झडतात ती?”

अक्कांनी चपलांत पाय घातले.

“ती आपल्या दाराशी. लांब लावली की विसरायला होतं.”